वास जाईपर्यंत धुवा

समाधान जोगदंडला वास येत नाही, हे महाळुंग्याच्या त्या कंपनीत कुणाला म्हणजे कुणालाच माहीत नव्हतं. माहीत होतं फक्त त्याच्या बायकोला, सुमनला. तेही त्यानं आपणहून सांगितलं म्हणून नव्हे. भोसरीच्या खोलीत एकदा गॅसवरचं दूध उतू जाऊन करपलं आणि हा शेगडीपासून दोन हातांवर मोबाइल बघत बसलेला. सुमन बाहेरून कपडे घेऊन धावत आली. "आवो, घर जळायलंय की! नाक हाय का न्हाई तुम्हाला?" तिनं चिडून विचारलं. त्यानं दचकून शेगडीकडे पाहिलं, आणि तिला कळलं.

नाकावरच तर त्याची सगळी भिस्त होती. केज तालुक्यातल्या गावाहून तो भोसरीत आला तेव्हा वर्कशॉपमध्ये काम मिळेना, म्हणून एका कॅन्टीनमध्ये कांदे चिरायला लागला. तिथून शिकत शिकत महाळुंग्याच्या या गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत मुख्य स्वयंपाकी झाला. हजार माणसांचं जेवण. भाजीत मीठ पडलंय की नाही हे तो वाफेवरून सांगायचा. पलीकडच्या शेगडीवरची मोहरी जळायच्या बेतात आली की इकडून ओरडायचा. पोरं म्हणायची, मामा डोळे मिटून स्वयंपाक करतील.

मग कोरोनाची दुसरी लाट आली. समाधानला आठ दिवस ताप होता. ताप गेला आणि जाताना वासही घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, येईल दोन-तीन महिन्यांत. महिने गेले, वर्ष गेलं. एके दुपारी कॅन्टीनमध्ये डाळीचं मोठं पातेलं तळाला लागलं. धूर दिसेपर्यंत समाधान हातात डाव घेऊन त्याच्या शेजारीच उभा होता. पोरं धावली. "लक्ष नव्हतं," तो म्हणाला. त्याच आठवड्यात त्यानं ठेकेदाराकडे कंबरदुखीचं निमित्त केलं आणि ऑफिसच्या इमारतीतल्या पॅन्ट्रीचं काम मागून घेतलं. चहा-कॉफी, बिस्किटं, साहेबलोकांचे कप. इथं फोडणी नव्हती, करपायला काही नव्हतं. वास न येणाऱ्या स्वयंपाक्याला कोण ठेवेल, या भीतीनं त्यानं तोंडाला जे कुलूप लावलं ते लावलंच.

दूध नासलंय का हे तो जिभेवर थेंब टेकवून बघायचा. बाकी सगळं निशिगंधाच्या जिवावर. निशिगंधा ही त्याच्या जोडीला काम करणारी, राजगुरुनगरच्या अलीकडच्या एका खेड्यातून रोज स्कूटीवर येणारी तिशीची बाई. "बघ गं, फडक्याला वास मारतोय का," असं तो सहज विचारल्यासारखं विचारायचा. तीही सहज वास घेऊन सांगायची. तीन वर्षं असंच निभावलं.

त्या सोमवारी संध्याकाळी प्रशासनाचा अधिकारी जयदीप पॅन्ट्रीत आला. तिशीतला, हुशार, कायम घाईत असलेला माणूस. दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीच्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाईकाची माणसं तपासणीला येणार होती. त्यानं ओट्यावरच्या चार थर्मासांपैकी एकाचं झाकण उघडलं आणि मोबाइलचा उजेड आत मारला.

"हे काय आहे, समाधानभाऊ? आत डांबर ओतलंय का?"

पंपाचे थर्मास होते ते. वरून दाबलं की नळीतून कपात कॉफी येते, तसले. आतली काच कॉफीनं तपकिरी, तळाशी तर काळी झाली होती.

"लिंबूसत्त्व संपलंय सर," समाधान म्हणाला. "गरम पाण्यात लिंबूसत्त्व टाकून तासभर ठेवलं की काच लख्ख होते. मागच्या महिन्यात दोनदा सांगितलं होतं तुम्हाला."

"ते आता कुठून आणू? दुसरं काहीतरी बघा. उद्या मला यात तोंड दिसलं पाहिजे."

खालच्या मजल्यावर साफसफाईच्या सामानाची खोली होती. तिथं आबाजी बसायचे. साठीला टेकलेले, तोंडानं फटकळ पण मनानं बरे. त्यांनी ब्लीचचा कॅन काढून दिला आणि बोट वर करून बजावलं.

"थंड पाण्यात टाक, गरम नको. टोपणभर बास. हातात मोजे घाल, खिडकी उघडी ठेव. संडासाच्या अ‍ॅसिडजवळ तर अजिबात नेऊ नकोस. दोन्ही एकत्र आली की असला धूर उठतो, माणूस जाग्यावर गुदमरतो. त्या लिंबूसत्त्वाबरोबर सुद्धा नाही, कळलं? अर्ध्या तासानं ओतून दे आणि वास जाईपर्यंत धू."

"वास जाईपर्यंत," समाधान म्हणाला.

"हां. वास पार गेला पाहिजे. जरा जरी आला तरी परत धू."

त्याला क्षणभर वाटलं, आबाजींना सांगून टाकावं. आपल्याहून वडील, पण आपल्याच थरातला माणूस, कुणाला बोलणार नाही. पण आबाजी वळून दुसऱ्या कुणाला तरी झाडू मोजून देऊ लागले होते. समाधान कॅन घेऊन वर आला.

त्यानं मोजे घातले, खिडकी उघडली, चारही थर्मासांत थंड पाणी आणि टोपणभर ब्लीच घातलं. नळीतही काळं साठतं हे त्याला माहीत होतं, म्हणून प्रत्येकाचा पंप दाबून नळीत ते पाणी भरून घेतलं. तेवढ्यात कंपनीच्या बसचा हॉर्न वाजला. अर्धा तास थांबलं तर बस जाणार, मग चाकणच्या तळेगाव चौकातून शेअर रिक्षा बदलत भोसरी गाठायची. त्यानं चारही थर्मासांवर कागद चिकटवले, "हात लावू नये" असं लिहिलं आणि सकाळी लवकर येऊन धुवू, असा विचार करून निघाला.

सकाळी आला तेव्हा काच खरोखर लख्ख होती. त्याला बरं वाटलं. डोळे जरा चुरचुरत होते, पण झोप झाली नसेल असं त्याला वाटलं.

निशिगंधा आत आली ती नाकाला ओढणी लावूनच. "मामा, काय वतलंय हितं? डोळं झोंबायला लागलं की!"

"ब्लीच आहे. राहिलेली खिडकी उघड."

तो बेसिनशी उभा राहून एकेक थर्मास घेऊ लागला. कागद काढायचा, आतलं ओतायचं, पाणी भरून हलवायचं, परत ओतायचं, परत भरायचं, मग नळी साफ व्हायला पंप दाबत राहायचं. पहिला झाला तसा त्यानं निशिगंधापुढे धरला. "बघ गं, गेला का वास?"

तिनं नाक जवळ नेलं आणि मान हलवली. "मला काय कळतंय? आख्ख्या खोलीत त्योच वास हाय. नाकात भरून बसलाय नुसता."

म्हणजे तिच्या नाकाचाही आज उपयोग नव्हता. समाधाननं ठरवलं, आपण भरपूर पाण्यानं धुवायचं, गरजेपेक्षा जास्त धुवायचं. दुसरा धुतला, पालथा घातला. तिसरा घेतला. चौथ्याचा कागद काढून आतलं ओतून दिलं आणि तो नळाखाली धरणार तोच दारात जयदीप.

"समाधानभाऊ, लिफ्ट बंद पडलीय. पाण्याच्या बाटल्यांचे खोके वर न्यायचेत. पाहुणे गेटवर आलेत. चला, चला!"

"सर, पाच मिनिटं..."

"आत्ता!"

तो गेला. खोके जड होते, जिने दोन होते आणि जयदीप मागे लागला होता. खुर्च्या सरळ करा, पडदा ओढा, तो कप पुसा. समाधान घामाघूम होऊन पॅन्ट्रीत परतला तेव्हा ओटा रिकामा होता.

"थर्मास कुठंत?"

"भरून दिलं की वर," निशिगंधा कप मांडता मांडता म्हणाली. "शिपाई आला व्हता न्यायला."

"चारी?"

"व्हय, चारी. का?"

समाधान बेसिनशी जाऊन उभा राहिला. चौथा धुतला होता का आपण? ओतून दिलेला आठवत होता. नळ सोडलेला आठवत होता. पण तो चौथ्यासाठी सोडला की तिसऱ्यासाठी? त्यानं बेसिनवर वाकून जोरात श्वास ओढला. कशाचा वास नव्हता. कधीच नसायचा.

"निशिगंधा, तू भरलेस तेव्हा सगळे पालथे होते?"

तिनं आठवून पाहिलं. "तीन पालथं व्हतं. एक उभा व्हता, नळाखाली."

"त्यात पाणी होतं?"

"न्हाई, रिकामाच. म्हणून त्यातबी भरली कॉफी." आता तिनं त्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. "मामा, त्यो धुतला न्हवता?"

थर्मास रिकामा असेल, पण नळी? रात्रभर तिच्यात ब्लीचचं पाणी भरून राहिलेलं. पंप दाबला की पहिल्यांदा कपात तेच येणार, आणि मागून येणारी काळीभोर कॉफी त्याचा वास झाकून टाकणार.

तो जिन्याकडे पळाला. पन्नाशीकडे झुकलेला माणूस, गुडघे आधीच दुखत होते. पहिल्या वळणावर त्याच्या मनात आलं, धुतलाही असेल. उगाच तमाशा होईल. दुसऱ्या वळणावर आलं, दार उघडून आत गेलो की नोकरी गेली. कॉन्फरन्स रूमच्या बाहेर जयदीप उभा होता. काचेच्या दाराआड पडद्यावर आकडे दिसत होते आणि गुणवत्ता विभागाच्या प्रमुख सायली मॅडम काहीतरी समजावून सांगत होत्या.

"कॉफी बदलायची आहे, सर," समाधान धापा टाकत म्हणाला.

"आता? चहापानाला अजून वेळ आहे. मध्येच कुणी जायचं नाही, मॅडमनी सांगितलंय."

"थंड झालीय म्हणून..."

"थर्मासमधली कॉफी थंड होते का? जा खाली."

खोटंही त्याला धड जमलं नव्हतं. त्यानं काचेतून पाहिलं. पाहुण्यांपैकी एक वयस्कर गृहस्थ उठून कडेच्या टेबलाशी आले होते. त्यांना सगळे नानासाहेब म्हणत होते. गिऱ्हाईकाच्या माणसांचे ते मुख्य. त्यांच्या हातात आधीच एक कप होता, अर्धा. टेबलावर चार थर्मास ओळीनं, एकसारखे. दुसरा एक पाहुणा हातात रिकामा कप घेऊन त्यांच्या शेजारी येऊन उभा राहिला आणि त्यानं शेवटच्या थर्मासच्या पंपावर पंजा ठेवला.

समाधाननं जयदीपला बाजूला सारलं आणि दार ढकललं.

"साहेब, दाबू नका! पिऊ नका ती कॉफी."

सायली मॅडम बोलायच्या थांबल्या. सगळ्यांची तोंडं वळली. समाधाननं त्या पाहुण्याच्या हातातला कप काढून घेतला, मग नानासाहेबांच्या हातातला. घाईत बशीवर कॉफी सांडली.

"थर्मास ब्लीचनं धुतले होते," तो म्हणाला. "एक धुवायचा राहिला असावा. कुठला ते मला सांगता येत नाही."

मग नानासाहेबांनी शांतपणे विचारलं, "मी प्यायलोय की. दोन घोट. आता?"

सायली मॅडमनी फोन उचलला. कंपनीच्या दवाखान्यातले डॉक्टर खालच्या इमारतीतून येईपर्यंत जो वेळ गेला तो समाधानला आयुष्यभर पुरेल असा होता. कुणीतरी म्हणालं, मीठपाणी पाजून ओकारी काढा. फोनवरून डॉक्टरांनी ओरडून सांगितलं, "उलटी अजिबात करवू नका! तोंड धुऊ द्या, साधं पाणी थोडं थोडं प्यायला द्या. आणि ते औषध कुठलं, त्याचा कॅन आणून ठेवा." समाधानच पळत जाऊन पॅन्ट्रीतून कॅन घेऊन आला.

डॉक्टरांनी नानासाहेबांचा घसा पाहिला, जीभ पाहिली. जळजळतंय का? नाही. पोटात? नाही. "कोणत्या थर्मासमधली घेतलीत, आठवतंय?"

"खिडकीच्या बाजूची. पहिलीच."

सायली मॅडमनी चारही थर्मास बाजूच्या धुण्याच्या बेसिनवर ठेवायला लावले. जयदीप एकेकाचा पंप दाबू लागला. समाधान दारात उभा होता. खिडकीकडचा पहिला. मॅडमनी वाकून वास घेतला. "नुसती कॉफी." दुसरा. "कॉफी." तिसराही तसाच. चौथ्याचा पंप दाबला तसं आधी फिकट पाणी आलं, मग कॉफी. मॅडम झटकन मागे सरकल्या आणि नाकावर हात धरला. जयदीपनंही तोंड फिरवलं.

हाच तो थर्मास होता, ज्यावर त्या पाहुण्याचा पंजा होता.

समाधान भिंतीला टेकून खाली बसला. नानासाहेबांना डॉक्टरांनी आणखी तासभर नजरेखाली ठेवलं, पण ते बरे होते. त्यांनी उरलेली तपासणीही पार पाडली. जाताना ते समाधानपाशी थांबले. रागावतील असं सगळ्यांना वाटलं. "आत आलात ते बरं केलंत," एवढंच म्हणाले आणि गेले.

राग जयदीपनं काढला. पाहुण्यांची गाडी फाटकाबाहेर पडल्याबरोबर तो पॅन्ट्रीत आला.

"मॅडमना लगेच कळलं, मला कळलं, आणि तुम्ही तो हातात धरून उभे होतात! वास नाही आला तुम्हाला?"

निशिगंधा मध्ये पडायला पुढे झाली. समाधाननं तिला हातानं थांबवलं.

"नाही आला, सर. मला वास येतच नाही. कोरोनापासून."

निशिगंधा हळूच म्हणाली, "म्हणून व्हय तुमी सारखं मला इचारायचा..." तिला तेवढ्यात काय काय आठवलं असेल देव जाणे.

दुपारी डॉक्टरांनी त्याला दवाखान्यात बोलावून घेतलं. डोळे मिटायला लावून नाकाखाली स्पिरिटचा कापूस धरला, लवंग धरली, साबण धरला. प्रत्येक वेळी समाधान मान हलवत राहिला. डॉक्टर रागावले, पण जयदीपसारखे नाहीत. "चार वर्षं? आणि त्यातलं वर्षभर गॅसच्या शेगड्यांवर? अहो, तुम्ही आणि तुमच्या बरोबरची वीस माणसं जिवंत आहात हे नशीब समजा. लोक पाय मोडला तर सांगतात, हे का नाही सांगितलं?"

"काम जाईल म्हणून," समाधान म्हणाला. दुसरं खरं कारण त्याच्यापाशी नव्हतं.

ठेकेदारानं त्याला घरी बसायला सांगितलं, निरोप येईपर्यंत. भोसरीच्या खोलीत तो आठवडाभर पडून राहिला. पहिल्या संध्याकाळी सगळं सांगितलं तेव्हा सुमन आधी घाबरली, मग भडकली. "मी म्हणत न्हवते? सांगून टाका, सांगून टाका. एखाद्याचा जीव गेला असता म्हंजी?" मग ती स्वयंपाकाला लागली. त्या रात्री समाधानच्या लक्षात आलं की गॅस बंद केल्यावर ती बटण दोनदा तपासते. कधीपासून तपासत होती कोण जाणे. त्यानं कधी पाहिलं नव्हतं.

नंतर निरोप आला. पॅन्ट्री नाही, कॅन्टीन नाही, रसायनांच्या जवळपासचं कुठलंच काम नाही, असं डॉक्टरांनी लिहून दिलं होतं. गणवेशाच्या स्टोअरमध्ये जागा होती. कामगारांचे शर्ट-पँट, बूट, हातमोजे देणं-घेणं. स्वयंपाक्याला कपड्यांच्या घड्या घालायला लावलं म्हणून पहिले काही दिवस त्याला अपमान वाटला. कॅन्टीनच्या बाजूनं जाताना तो मान खाली घालायचा.

जयदीप त्याला टाळत असे. महिन्याभरानं एकदा बूट बदलायला म्हणून स्टोअरमध्ये आला, बूट घालून पाहिले आणि उगाच नाड्या बांधत बसून राहिला. मग खाली बघतच म्हणाला, "लिंबूसत्त्वाचं तुम्ही सांगितलं होतं मला. मी वर कळवलंच नव्हतं." समाधाननं जुने बूट उचलून मागच्या फळीवर ठेवले. "आता येतं ना वेळेवर?" त्यानं विचारलं. "येतं," जयदीप म्हणाला.

पॅन्ट्रीत ब्लीच न्यायला आता बंदीच होती. दर शनिवारी निशिगंधा थर्मासांत गरम पाणी आणि लिंबूसत्त्व घालून ठेवते. पहिल्या खेपेला तिनं समाधानला बोलावून घेतलं होतं. तो उंबऱ्याच्या बाहेरच उभा राहिला, तिथूनच सांगत राहिला. नळी विसरू नको. झाकणाची रबरी चकती काढून वेगळी धू. धुतलेला एका बाजूला पालथा, न धुतलेला दुसऱ्या बाजूला, मध्ये कुणी बोलावलं तरी हातातला पुरा केल्याशिवाय जायचं नाही. "साहेब आलं तरी?" तिनं विचारलं. "साहेब आले तरी," तो म्हणाला.

डॉक्टरांनी त्याला रोज सकाळी लवंग, लिंबाची साल, निलगिरीचं तेल असं एकेक हुंगत बसायला सांगितलंय. काहींचा वास परत येतो म्हणे, काहींचा नाही. सुमन डब्या मांडून देते आणि समोर बसते. अजून तरी काही नाही.

परवा स्टोअरच्या खिडकीवर एक नवा ऑपरेटर नुकताच मिळालेला शर्ट परत करायला आला. शर्ट पुढे सरकवत म्हणाला, "मामा, धुतलेला दिलाय का बघा राव, घामाचा वास येतोय असं वाटतंय."

समाधाननं शर्ट हातात घेतला, उलगडला आणि त्याच्याकडे परत सरकवला.

"मला वास येत नाही, भावा. तूच नीट हुंगून सांग, मी बदलून देतो."

पोरानं शर्ट नाकाला लावला.